हाकललेले पाहुणे

मेरानियाला खोटं बोलता येत नव्हतं, अशातला भाग नाही. वय लपवण्यात तिचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं, आणि साखर सोडली म्हणून डॉक्टरला ती दर खेपेला तोंड वर करून सांगायची. पण आपल्या दारातून माणूस उपाशी गेला, हे काही तिच्या जिभेवर यायचं नाही. तिथेच सगळा घोटाळा झाला.

वाइपारूची खाडी तिच्या लोकांची, तिथल्या मूळच्या माओरींची. केव्हापासून, असं विचारलं की ती टेकडीवरची थडगी दाखवायची. पण सरकारने कायदा आवळला होता. गोऱ्यांचं राज्य आल्यापासून आजवर किनारा एकट्या तुमच्याच ताब्यात होता, परका आला तर तुम्ही त्याला अडवलं, हे आता माओरींनीच कोर्टात सिद्ध करायचं. रेडिओवर रोज भांडण. एक पुढारी म्हणे, समुद्र सगळ्यांचा, उद्या हे लोक आपल्याला पोहूही देणार नाहीत. दुसरा म्हणे, चोरी यांच्या घरी झाली आणि पुरावाही यांनीच द्यायचा होय?

"मेल्यांनो, पोहायला कोण अडवतंय तुम्हाला!" असं रेडिओवर खेकसून मेरानिया तो बंद करायची.

आतल्या खोलीत तिचा धाकटा भाऊ पडून असायचा. टिपेने त्याचं नाव. मूत्रपिंडं कामातून गेलेली. खाडीच्या तोंडाशी मोठ्या बोटींचा धक्का व्हायचा होता, आणि तो झाला की वाळूतल्या पिपी गाळाखाली गुदमरून संपणार. या शिंपल्यांवरच तर दोघं लहानाची मोठी झाली होती. दावा जिंकला तर धक्क्याला नाही म्हणायचा हक्क मिळणार होता. टिपेनेचा जीव तेवढ्यातच अडकला होता.

"ताई, मला आपल्या किनाऱ्यावर मरायचंय गं," तो म्हणायचा. "परक्याच्या नको."

दावा लढवत होती त्याची वकील मुलगी रोइमाता. जुनं डोळ्यांनी पाहिलेली अशी साक्षीदार एकटी मेरानियाच उरली होती. रोइमाता स्वयंपाकघरात बसून तिची तयारी करून घ्यायची.

"आत्या, आजोबांनी त्या बोटवाल्यांना हाकललं होतं ना, ते सांग."

"सांगेन की. बाबा वल्हं घेऊन धावले होते अंगावर. मी होते तिथे."

"बस्स. विचारतील तेवढंच बोल. पुढचं आपणहून सांगू नकोस."

"अगं, पुढचंच तर चांगलं आहे!"

"आत्या, हात जोडते तुला."

इतक्यात मागच्या दारी डग पेटिफर आला. टेकडीपलीकडचा गोरा शेतकरी. लहानपणापासून या घरात जेवलेला. आदल्याच आठवड्यात 'समुद्र सगळ्यांचा' असा फलक धरून तो चौकात उभा होता, तरी पिपी न्यायला आला होता. मेरानियाने त्याची बादली काठोकाठ भरली.

"आणखी लागल्या तर सांग. लाजू नकोस," ती नेहमीप्रमाणे म्हणाली. रोइमाताने कपाळाला हात लावला.

कोर्टात मेरानिया झकास बोलली. वल्हं, बाबांचा आवाज, पळणारी बोट, सगळं सांगितलं. मग सरकारी वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. नमस्कारसुद्धा माओरीत केला मेल्याने.

"त्या बोटीत कोण होतं, बाई?"

"दूरचे कोळी. वादळात भरकटलेले."

"भुकेले असतील?"

"असणारच."

"म्हणजे तुमच्या वडिलांनी वादळातून आलेल्या, भुकेल्या माणसांना वल्हं उगारून हाकललं."

मागच्या बाकांवर तिचे भाऊबंद बसले होते. त्यांच्या माना खाली गेल्या. रोइमाता डोळ्यांनी नको नको म्हणत होती. पण मेरानियाच्या डोक्यात तिडीक गेली. बाप मेल्यावर भर सभेत त्याला कद्रू म्हणवून घ्यायचं?

"तोंड सांभाळून बोल, पोरा! विचारल्याशिवाय पिपींना हात लावला म्हणून रागावले ते. मग मला धाडून त्यांना परत बोलावलं. आईने पोट फुटेस्तोवर वाढलं. हव्या तेवढ्या न्या, पुढच्या वर्षीही या, म्हणाले बाबा. अजून त्यांची नातवंडं येतात. आमच्या किनाऱ्यावरून रिकाम्या हाताने कुणी गेलं नाही. कुणीही!"

"शाब्बास!" मागून आरोळी आली. बाकं थोपटली गेली. रोइमाताने तेवढं पेन खाली ठेवलं.

"आभारी आहे," वकील म्हणाला आणि खाली बसला.

परतताना गाडीत मेरानिया खुशीत होती. "कशी जिरवली त्याची!"

"आत्या," रोइमाता रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "कुणालाच अडवलं नाही, एवढंच त्याला तुझ्या तोंडून हवं होतं."

 

दावा फेटाळला गेला. टिपेनेने सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी परत बोलावलं, ते सांगितलंस तू?"

"सांगितलं रे. राहवलं नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड फिरवून पडला. त्यानंतर खाडीचं नाव त्याने काढलं नाही.

हिवाळ्यात तो गेला. तोवर धक्क्याचं काम लागलं होतं. पिपींच्या वाळूभोवती तारेचं कुंपण होतं. समाजाच्या मराएवर, सभागृहात, त्याची शवपेटी ठेवली. कुठून कुठून माणसं आली. कोंबडी होती, डुकराचं मांस होतं, रताळी होती; पण वाइपारूच्या मयताला येऊन पाहुणे पिपींशिवाय जेवणार? मेरानियाला भावाच्या पेटीपाशी नीट रडूही येईना.

तेवढ्यात मागच्या दारी डग आला. डोळे सुजलेले, पाठीवर ओलं पोतं.

"कामावरचा मुकादम माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "मला आत सोडतो. म्हटलं, टिपेनेच्या पाहुण्यांना लागतील." पोतं त्याने तिच्या पायाशी ठेवलं. "आणखी लागल्या तर सांग, मेरानिया. लाजू नकोस."

त्याच्या मनात काही नव्हतं. असतं तर तिने पोतं लाथाडलं असतं. पण मयतासाठी आणलेलं अन्न परत करायचं नसतं.

"उपकार झाले, डग," ती म्हणाली. स्वतःच्या खाडीतल्या पिपींसाठी ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी उपकार मानत होती.

तिने पातेलं चढवलं. पाहुणे बोटं चाटत जेवले. वाइपारूच्या पिपींची चव दुसरीकडे नाही, म्हणाले. कुणी आणल्या, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. देणाऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं, हीही त्यांच्यातली रीतच.

मेरानिया पाहुण्यांमध्ये उभी राहिली आणि तिने मोठ्याने डग पेटिफरचं नाव घेतलं.