बिनमिठाचं ताट

आईच्या तोंडी खोटं घालण्याआधी एथलिनने दाराला कडी लावली. भरदुपारी आमच्या हिल्सबरोत कुणी दार लावत नाही. लावलंच, तर शेजाऱ्यांना वाटतं, घरात कुणीतरी गेलं. पण तिला आज त्याची पर्वा नव्हती. शिवणयंत्रावर शाळेचा अर्धवट शिवलेला गणवेश तसाच टाकून तिने फोन लावला. पलीकडून भावाचा 'हॅलो' ऐकू आला.

"ऑस्बर्ट, मी बोलतेय."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठेवू नकोस. आई आली होती स्वप्नात."

आता आमच्या कारियाकू बेटावर असं आहे, की गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेलं, तर तिथे कुणाचं काही चालत नाही. कोर्टाचं बोलावणं टाळता येतं, हे नाही. एथलिनला ते ठाऊक होतं, ऑस्बर्टलाही ठाऊक होतं, म्हणून तर ती बोलत सुटली. आई निळ्या झग्यात होती. दारातच उभी होती. म्हणाली, माझ्या थडग्याचा दगड घरात धूळ खात पडलाय आणि मी अजून अशी बाहेर तिष्ठत उभी. दगड बसवा म्हणाली, ताट वाढा म्हणाली, आणि दोघांनी मिळून वाढा म्हणाली.

"आणि?" ऑस्बर्टने विचारलं.

तो ऐकतोय हे कळल्यावर एथलिनला जोर चढला. "आणि म्हणाली, ऑस्बर्टच्या हातचा खारा मासा खाऊन किती दिवस झाले! तोच हवा म्हणाली. दुसऱ्या कुणाचा नको."

पलीकडे त्याच्या घराखालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. तिकडे ग्रेनाडात, सेंट जॉर्जेस शहरात, सगळ्यांना घाई.

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

एथलिन खुर्चीत बसली. समोर भिंतीला टेकून आईचा दगड उभा होता, त्यावर पांढरी चादर. तिने चादरीकडे पाहिलं नाही.

खरं तर आई एकदाही स्वप्नात आली नव्हती. हेच तर एथलिनचं दुखणं होतं. गावातल्या ज्याच्या-त्याच्या आया येत, कोंबडी मागत, सुनेच्या चहाड्या करत. एथलिनने आईचं शेवटचं सगळं केलं, अंथरुणात कूस बदलण्यापासून केस विंचरण्यापर्यंत, आणि तिच्याकडे मात्र म्हातारीने पाठ फिरवलेली. ती रोज निजताना म्हणायची, ये ग एकदा, एवढं सांगून जा, म्हणजे मला त्याला फोन करायला तोंड राहील. आई यायची नाही. मग काय करणार माणूस?

तोंड राहिलं नव्हतं, कारण ते एथलिननेच घालवलं होतं. आई गेली तेव्हा समुद्र खवळलेला, बोटी बंद. ऑस्बर्टला आईच्या मातीला पोचता आलं नाही. तो पोचला तिसऱ्या रात्रीच्या प्रार्थनेला, आणि आल्या आल्या, काय बोलावं न सुचून, वरच्या शेताची हद्द कुठून जाते असं काहीतरी विचारून बसला. घर माणसांनी भरलेलं. एथलिन सर्वांदेखत म्हणाली, "मातीला वेळ मिळाला नाही, जमिनीला बरा मिळाला!" ऑस्बर्टने हातातला कप खाली ठेवला. सकाळच्या बोटीने गेला, तो गेलाच. इथून ग्रेनाडा म्हणजे दोन तासांची बोट. लोक इंग्लंडहून येतात दगड बसवायला. आणि आमच्यात सगळी मुलं हजर असल्याशिवाय दगड बसत नाही, त्यामुळे आई सहा-सात वर्षं बैठकीच्या खोलीत. गणवेशाची मापं द्यायला आलेली पोरं दगडावर टोप्या ठेवायची.

दार धाडधाड वाजलं.

"कोण मेलं ग?"

तितीन मावशी. गावात कुठेही दगडाचा समारंभ असला, की मेलेल्यांचं ताट हीच वाढायची. ऐंशीच्या घरातली, पण नाक शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. एथलिनने कडी काढली आणि तिलाही स्वप्न सांगितलं. एकदा सांगितलेलं खोटं दुसऱ्यांदा सोपं जातं. निळा झगा, दार, दगड. तितीन मावशी मान डोलावत होती, अधूनमधून छातीला हात लावत होती. खाऱ्या माशापाशी तिची मान थांबली.

"काय मागितलं म्हणालीस?"

"खारा मासा. ऑस्बर्टच्या हातचा."

"मेल्यावर?"

"म्हणजे काय, स्वप्नातच ना..."

"अग ए शहाणे, मेलेल्यांच्या ताटात मीठ घालतात का?"

एथलिनचा हात तोंडावर गेला. लहानपणापासून शंभर ताटं पाहिलेली. भात, मक्याचे गोळे, तुरीचे हिरवे दाणे, बकरा, कोंबडी, सगळं बिनमिठाचं. मीठ पोटात गेलं की जीव जड होतो आणि त्याला समुद्रावरून उडून आफ्रिकेला, आपल्या माणसांत परतता येत नाही. हे आमच्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत. आणि ही बाई मेलेल्या आईला खारा मासा मागायला लावते!

"ती जिवंतपणी मागायची ग," एथलिन म्हणाली. "तो पोरगा असताना जॅक मासे खारवायचा, पत्र्यावर वाळवायचा. शेवटी अन्न जाईना तेव्हाही ती तेच म्हणायची. माझ्या तोंडून निघून गेलं."

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं. मला विचारायचंस आधी." तितीन मावशी खुर्चीत टेकली. "तो काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"मग तो बघणारच. तो काय बावळट आहे?"

एथलिनने लगेच फोन उचलला. चूक झाली, आई कोंबडी म्हणाली असं सांगते म्हणाली. तितीन मावशीने तो तिच्या हातातून काढून घेतला. "आता तोंड मिटून बस. आणखी सारवासारव केलीस, तर आईला स्वर्गातून काठी घेऊन यावं लागेल."

चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी ऑस्बर्टच्या बायकोचा, जोसलिनचा फोन आला. शनिवारच्या बोटीने येतोय, बोट त्याला लागते तेव्हा उतरल्या उतरल्या लिंबू द्या, उशी एकच द्या. बोलली नेहमीसारखी, जणू परवाच भेट झाली होती. माझ्या पायाचं दुखणं आहे, नाहीतर मीही आले असते, म्हणाली. स्वप्नाबद्दल अक्षर नाही. एथलिनलाही विचारायचा धीर झाला नाही.

मग काय, घर डोक्यावर. बकरा ठरला, ढोलवाले ठरले, दफनभूमीत सिमेंट कालवायला दोघंजण ठरले. आईच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. नवे पडदे शिवले, ते आखूड झाले, पुन्हा उसवले, तरी आखूडच राहिले. दिवसा एथलिनला आनंद व्हायचा आणि दिवा मालवला की झोप उडायची. ऑस्बर्टला कळलं असणारच. मग तो येतोय कशाला? ती त्याला भरल्या घरात बोलली होती. तोही भरल्या धक्क्यावर बोलेल: आईच्या नावावर खोटं बोलणारी ही बघा माझी बहीण. तेवढं ऐकवून त्याच बोटीने परत जाईल. आणि त्यात चुकीचं काय असेल?

"तसं झालं तर?" तिने तितीन मावशीला विचारलं.

"तसं झालं तर ऐकून घेशील. तू कुठे कमी बोलली होतीस?"

शनिवारी धक्क्यावर निम्मं हिल्सबरो जमलेलं. म्हणायला कुणी पार्सल घ्यायला आलेलं, कुणी बर्फ घ्यायला. बोट लागली. कोंबड्यांचे खुराडे उतरले, सिमेंटची पोती उतरली, दोन गोरे पाहुणे उतरले, शाळामास्तर उतरले. ऑस्बर्ट नाही. एथलिनने मुठीतलं लिंबू इतकं दाबलं की रस मनगटावर आला. सगळे उतरल्यावर एक टक्कल पडलेला माणूस कठड्याला धरून हळूहळू फळीवर आला. चेहरा हिरवा. काखेत बॅग घट्ट धरलेली.

"होड्या बांधणाऱ्याचा पोर आणि बोट लागते!" दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. ऑस्बर्टने हात वर केला, पण त्याला हसवेना.

तो तिच्यासमोर येऊन थांबला.

"लिंबू," एथलिन म्हणाली.

त्याने लिंबू घेतलं, चोखलं, डोळे मिटले. "जाड झालीस," तो म्हणाला.

"तुझे केस कुठे गेले?"

"समुद्रात."

तितीन मावशी मध्ये घुसली. वाकून बॅगेचा वास घेतला आणि भुवया उंचावल्या. "काय आणलंस रे?"

"मागवलं होतं ते," ऑस्बर्ट म्हणाला आणि घराच्या वाटेला लागला. एथलिन मागून चालत राहिली. त्या आवाजात राग होता की नव्हता, तिला काही केल्या ठरवता येईना.

घरी आल्यावर त्याने पाणीही घेतलं नाही. दगडापाशी गेला आणि चादर काढली. आईचं नाव, तारखा, आणि खाली: मुले, एथलिन व ऑस्बर्ट. तो शेवटच्या शब्दावरून बोट फिरवत राहिला.

"हा दगड कधी घडवलास?"

"तू गेलास त्याच वर्षी."

"त्याच वर्षी माझं नाव घातलंस?"

"मग काय, आईला मी एकटीच होते?" तिचा आवाज चिडका निघाला. दुसरा कुठला निघणं शक्यच नव्हतं, नाहीतर ती रडली असती.

ऑस्बर्टने खिशातून रुमाल काढला, दगडावरची नसलेली धूळ पुसली आणि तोच रुमाल डोळ्यांना लावला. मग दोघांनी दगडावर पाणी शिंपडलं, रम शिंपडली, तांदूळ टाकले. उद्या सकाळी ढोलांसकट दगड टेकडीवरच्या दफनभूमीत जाणार होता.

ऊन उतरल्यावर आईच्या खोलीत टेबल मांडलं. पांढरं कापड, मेणबत्ती, पाण्याचा पेला, रमचा पेला. तितीन मावशीने बिनमिठाचे पदार्थ एकेक करून दिले आणि दोघा भावंडांनी ते ठेवले. भात, मक्याचे गोळे, तुरीचे दाणे, बकरा, कोंबडी. एथलिनचं सगळं लक्ष बाहेर ठेवलेल्या बॅगेकडे. आता काढेल, आता ताटाशेजारी ठेवेल, आणि तितीन मावशीला ओरडावं लागेल. पण ऑस्बर्ट हात पुसून बाहेर आला. तितीन मावशीने दार ओढून घेतलं. सकाळपर्यंत आत कुणी जायचं नाही.

"मी जरा अंगणात बसते," ती म्हणाली. तिला अंगणात बसायची हौस कधीच नव्हती.

ऑस्बर्टने बॅग उघडली. केळीच्या पानात बांधलेली पुडी काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडली. खोलीभर वास पसरला. जॅक मासे, उन्हात वाळून कडक झालेले, अंगावर मिठाची पांढरी पूड.

"आत ठेवायचे नाहीत?" एथलिनने विचारलं.

"मेलेली माणसं मीठ खातात कधी?"

एथलिनने पुडीवरून नजर वर केली.

"तुला कधी कळलं?"

"फोनवरच. तू खारा मासा म्हणालीस, फोन ठेवला आणि मी जोसलिनला म्हटलं, बॅग काढ." त्याने खुर्ची ओढली. "कोंबडी म्हणाली असतीस ना, तर आलो नसतो. वाटलं असतं, आई बोलावतेय. आईचं काय, तिची समजूत तिकडूनही घालता आली असती."

एथलिन मटकन बसली. किती दिवसांचा श्वास एकदम बाहेर पडला, इतका मोठा, की अंगणातून तितीन मावशी खाकरली.

"मी त्या दिवशी बोलले ते..."

"बोललीस. राहू दे. मीही हद्द विचारायला काय सुचलं कुणास ठाऊक." त्याने हातावरचं मीठ झटकलं. "खरंच येते का ग ती तुझ्या स्वप्नात?"

"एकदाही नाही. तुझ्या?"

"नाही." मग तो पहिल्यांदाच हसला. "म्हणजे तिचं काही मागणं नाही. मजेत आहे म्हातारी."

हे एथलिनच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने नव्या, आखूड पडद्याला पुसलं.

ऑस्बर्टने एक मासा निवडला, शेपटीकडून सोलला आणि पानासकट तिच्यापुढे सरकवला.

"ज्यानं मागवलाय, त्यानं खावा."

एथलिनने तुकडा तोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"खारट झालाय," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा तोडला.