बॉनेटवर हात

अट सौरभनंच घातली होती. सिल्वासाहून खानवेलपर्यंत आपली फियाट कुणी धक्का न मारता पोचली, तर ती घरात राहील. धक्का मारावा लागला, तर प्रमोदला देऊन टाकायची. मी हो म्हटलं. हे गेल्यापासून नऊ वर्षं गाडी पोर्चमध्ये होती. ती जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

जुन्या गाड्यांच्या क्लबाची ही वर्षातली एक सहल. दुपारी चारला आठ गाड्या निघाल्या. जेवण खानवेलला, नदीकाठी. प्रमोद मूळचा नाशिकचा, इथल्या कारखान्यात मॅनेजर. स्वतःची जुनी गाडी नाही, पण इतरांच्या गाड्यांखाली झोपून हात काळे करून घ्यायची हौस मोठी. तो क्लबातल्या ललितच्या अँबेसेडरमध्ये बसला होता.

आमच्या गाडीत सौरभ चालवायला, शेजारी मी, मागे सूनबाई पल्लवी. चौऱ्याऐंशी साली आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा या रस्त्यावर मोटार क्वचितच दिसायची. शेतात वाकलेल्या बाया ताठ होऊन बघायच्या. ह्यांना हॉर्न वाजवायला तेवढं निमित्त पुरे व्हायचं.

वासोण्याला, सिंहांच्या सफारीजवळ, चहासाठी थांबलो. चहा झाल्यावर सौरभ गाडीत बसला आणि त्यानं चोक पुरता बाहेर ओढला. माझ्या हातात अजून पेला होता. "अरे, थांब—" म्हणेपर्यंत पेट्रोलचा वास आलासुद्धा. मग स्टार्टर नुसताच कुरकुरत राहिला.

चोक गार इंजिनाला लागतो, तापलेल्याला नाही. हे दर वेळी आधी बॉनेटवर तळवा ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा, आणि मग चोकचं ठरवायचे. सौरभनं दोन वर्षं खपून गाडीला रंग दिला, सीटा शिवल्या. पण वडलांचा हात बॉनेटवर असायचा तेव्हा तो मागच्या सीटवर चित्रांची पुस्तकं वाचत असायचा.

"काय रे सौरभ, सफारीतल्या सिंहाला घाबरली का तुझी गाडी?" ललित ओरडला. "चला, मारू धक्का!"

चौघेजण मागे जाऊन उभेही राहिले. सौरभनं माझ्याकडे बघितलं.

"आई, आता काय करू? तूच सांग."

मी काही बोलायच्या आत प्रमोद आला. वाकून त्यानं वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. एक धक्का, की गाडी त्याची.

"ललितशेठ, हात काढा," तो म्हणाला. "पेट्रोल चढलंय. अजून एक चहा घ्या, दहा मिनिटांत बसेल खाली."

"तुझंच नुकसान आहे हां, प्रमोद!"

"होऊ दे की."

दुसरा चहा झाल्यावर मी सौरभला म्हटलं, "ऊठ तिथून."

"तू? अगं, किती वर्षं झाली!"

"मोजत बसू नको, ऊठ."

चोक आत ढकलला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, किल्ली फिरवली. गाडी तीनदा खोकली आणि काळा धूर सोडत सुरू झाली. पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. "आई, आता तुम्हीच चालवा!"

पुढच्या वळणापर्यंत चालवली. तिथे गुडघ्यानं क्लच नाकारला, मग सौरभला बसवलं.

खानवेलला नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ होती. सौरभनं माझ्या ताटात गूळ ठेवला. "जिंकलीस. राहिली गाडी."

भाकरी छान होती. मी मात्र झाडाखाली उभ्या फियाटकडे बघत होते. सौरभ तिला उद्या पुसेल, चकाचक ठेवेल. पुढच्या वर्षी पुन्हा चोक ओढेल. आणि तेव्हा शेजारच्या सीटवर मी असेनच असं नाही.

निघताना मी किल्ली प्रमोदच्या हातात दिली. "परतताना तू चालव. बघू."

त्यानं आधी दार उघडलं नाही. गाडीच्या पुढे आला, बॉनेटवर तळवा ठेवला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग आत बसला. चोकला हात न लावता किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"सौरभ," मी म्हटलं, "ह्याला दे."

"अगं, पण तू तर जिंकलीस ना?"

"म्हणून तर. आता माझी गाडी कुणाला द्यायची ते मी ठरवीन."

प्रमोद दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले, दार ओढून घेतलं.

"थंडीत अर्धाच चोक ओढ बरं का," मी म्हटलं. "पुरता तिला कधीच सोसला नाही."