माझ्या बुटावरची काठी

गाडी चालवायला शिकवणं हा माझा धंदा आणि रविवारी चर्चमध्ये गाणी घेणं ही माझी सेवा. धंद्याच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. आठवडाभर मी माझा दाबत असतो, म्हणून बायको म्हणते की रविवारीसुद्धा माझा पाय ब्रेकवरून निघत नाही. ती चेष्टेत म्हणते. तेच पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले तेव्हा मात्र झोंबलं.

उपासना संपल्यावर त्यांनी मला दाराशी गाठलं. गाण्यांत उत्साह आणा, म्हणाले, मंडळी उभी राहतात आणि उभ्या उभ्या पेंगतात. पुढच्या रविवारी फरक दिसला नाही तर गाणी दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जातील. त्यांच्याकडे ड्रम आहे, भाचे आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या स्वतः उड्या मारतात.

आता उत्साह म्हणजे नक्की काय, ते मला कोणी सांगेना. पाळकसाहेब म्हणाले हसत गा. आरशासमोर हसून गायलो, तर बायकोनं विचारलं, दाढ दुखतेय का. आमचा गिटारवाला म्हणाला हात वर करा, आणि हात वर केले तर माइक कोण धरणार, हे काही बोलला नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

पण खरी अडचण उत्साहाची नव्हतीच. खरी अडचण तिसऱ्या बाकावर बसायची. तो माझा थोरला भाऊ.

माझ्याआधी गाणी दादाच घ्यायचा. मेंदूचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि सगळे शब्द गेले. उरला एक, ‘हो’. चहा हवा? हो. नको? हो. खिडकी लावू? हो. उघडी ठेवू? त्यालाही हो. आधी दिवसभर वहिनींच्या नावानं घर डोक्यावर घ्यायचा. मोजा सापडला नाही तरी वहिनींच्या नावाची हाक, मांजर आत आलं तरी तीच हाक. आता घर गप्प असतं, आणि वहिनी मोजे आधीच काढून ठेवतात.

एका रविवारी माझा घसा बसला होता म्हणून मी गाणं जरा ओढत घेतलं, आणि दादाच्या तोंडून ‘प्रभू’ बाहेर पडलं. स्पष्ट, सुरात. वहिनी बाकावर खाली बसल्या आणि रडल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलता न येणाऱ्याला कधी कधी गाता येतं.

तेव्हापासून मी गाणी हळू केली. हळू घेतलं तर आणखी एखादा शब्द सापडेल, ही माझी आशा. दादाही मदत करत होता. मी सुरुवात केली की तो डाव्या हातातली काठी फरशीवर आपटायचा. मी समजायचो की त्याला गाणं झेपत नाहीये. मग आणखी हळू. तो आणखी जोरात आपटायचा, मी आणखी हळू. शेवटी शेवटी तर दोन ओळींच्या मध्ये गिटारवाला नाक पुसून घ्यायचा. शब्द मात्र त्यानंतर एकही आला नाही.

आता वेग वाढवला तर दादा मागे पडणार, नाही वाढवला तर गाणी नर्सबाईंकडे जाणार आणि दादा कायमचा मागे पडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी दादाकडे जाऊन सरळ विचारलं, “दादा, गाणी हळू घेऊ की जोरात?” तो काठी टेकून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “हो.”

रविवार आला. हा शेवटचा असेल तर निदान दादा जवळ असू दे, म्हणून मी वहिनींना त्याला अगदी पहिल्या बाकावर बसवायला सांगितलं, माझ्या पायांपासून काठीभर अंतरावर. उत्साहाचं काय करायचं ते अजूनही ठरलं नव्हतं. मी थोडा हसलो. नर्सबाई मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

आमच्याकडे ठेका माझ्या पायात असतो. गिटारवाला माझ्या उजव्या बुटाकडे बघून वाजवतो आणि बाकीचे गिटारवाल्याकडे बघून गातात. मी बूट आपटला आणि ‘आनंद माझ्या दारी आला’ सुरू केलं. हे दादाचं लाडकं गाणं. आनंद दाराशी मुंगीच्या पावलानं यायला लागला.

दादानं काठी आपटली. मी हळू केलं. त्यानं पुन्हा आपटली. मी आणखी हळू केलं. तेवढ्यात काठी उचलली गेली आणि सरळ माझ्या बुटावर पडली, नेमकी करंगळीवरच्या कुरुपावर. पाय उडाला. काठी पुन्हा पडली, पुन्हा उडाला. मला वाटलं दादाला फिट आली. पण काठी ठेक्यात पडत होती, जलद, एकसारखी, दादा गाणी घ्यायचा त्या जुन्या वेगात. गिटारवाल्याला काठी दिसत नव्हती, फक्त बूट दिसत होता, आणि तो बिचारा बुटामागे धावत सुटला. मंडळी त्याच्यामागे. कुणीतरी टाळ्या धरल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कुरुपामुळे, निदान सुरुवातीला तरी.

कारण खालून दादा गात होता. एखाद-दुसरा शब्द नाही, आख्खी ओळ, मग दुसरी ओळ, मग कडवं. शब्द त्या वेगातच ठेवलेले होते, आणि मी इतके महिने भलतीकडे शोधत होतो.

गाणं थांबलं आणि दादाही थांबला. मी खाली वाकलो. “दादा, काठी आपटून तू जोरात घे म्हणत होतास?”

“हो.”

“की हळू?”

“हो,” दादा म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

पाळकसाहेब नंतर माझा हात सोडेनात. हाच तो उत्साह, म्हणाले, कुठे लपवला होता? नर्सबाई म्हणाल्या की पुढच्या वेळी ड्रम त्या आणतील, पण गाणी मीच घ्यावीत. मला धड आनंद होत नव्हता. आपण नक्की काय केलं आणि काय करायचं राहिलं, याचा डोक्यात नुसता गुंता झाला होता.

घरी सोडताना दादा माझ्या शेजारी बसला, एरवी मी शिकवायला बसतो त्या जागेवर. वहिनी मागे. वाटेत वहिनी हळूच म्हणाल्या, “भावजी, त्या गाण्यात कुठेतरी माझं नाव बसेल का?”

मी आरशात बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मी ‘आनंद’ काढून त्यांचं नाव मनात घालून पाहिलं. एक अक्षर जास्त होत होतं. नीट बसेल की नाही, बसलं तरी त्याच्या तोंडून येईल की नाही, काहीच कळेना. दादानं काठी पायाशी आपटली. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, आणि माझा दुखरा बूट काठीच्या जवळ सरकवला.