मापाची काठी

लिमच्या झाडाचं लोखंडासारखं लाकूड एकदा आखूड कापलं गेलं, की राजाच्या बापालाही ते वाढवता येत नाही. असले चोवीस खांब मला कापायचे होते आणि नेमकं मापच हरवलं होतं.

आमच्या ह्वे शहरात, राजांच्या जुन्या राजधानीत, सुतार मापाच्या काठीशिवाय घर उभारत नाही. वेळूची एक काठी, तिच्यावर शाईच्या खुणा. घर पुरं झालं की ती छपरातच वाशांवर ठेवून द्यायची. पुढं दुरुस्तीला येईल त्यानं तिलाच विचारायचं. राजवाड्यात राण्यांच्या आवारातला जो मंडप आम्ही पुन्हा उभारत होतो, तो सत्तेचाळीसच्या, फ्रेंचांशी झालेल्या लढाईत काठीसकट जळून गेला. पायाचे दगडही स्फोटांनी सरकलेले. खांब किती काठ्या उंच, हे माझे गुरू तुआतदादा यांना पाठ होतं. काठी केवढी, तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

वाड्याची निगा राखणाऱ्या सरकारी कार्यालयानं सोमवारपर्यंत मुदत दिली, नाहीतर सिमेंटचे खांब ओतायचे. अभियंता ख्वे हिनं एका जुन्या फोटोवरून उंची काढली होती, पण वीतभर इकडं की तिकडं, हे तिलाही छातीठोकपणे सांगता येईना. तुआतदादा ब्याऐंशीचे, त्यांना रेघ दिसत नाही. म्हणजे करवत माझ्याच हातात. मला जेवण गोड लागेना.

शनिवारी सकाळी शिंपल्यांचा भात खाताना दादांना आठवलं, की पलीकडची नोकरांची बसकी ओसरी मंडपाच्याच वर्षी, त्याच मिस्त्रीनं बांधलेली. नोकरांच्या छपरात डोकवायचं आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ख्वे स्वतः शिडीवर चढली आणि केसांत जळमटं घेऊन उतरली. हातात काठी होती.

पण तिचं माप फक्त ओसरीचं, की साऱ्या वाड्याचं? आम्ही ओसरीपासून मोजत निघालो. आतल्या दरवाजापर्यंत काठ्या पूर्ण बसल्या, बोटभरही उरलं नाही. तिथून सिंहासनाच्या महालापर्यंत पूर्ण. पुढं चौक, तळ्यावरचा पूल, सगळं पूर्ण. मोजत मोजत दक्षिणेच्या मुख्य वेशीशी आलो. तिचं मधलं दार फक्त राजाचं, म्हणून मी बाजूला झालो.

"काका, रेघ मधूनच जातेय," ख्वे म्हणाली.

"मग तू जा. आमच्या घराण्यातलं कुणी तिथून गेलेलं नाही."

"गाढवा," तुआतदादा म्हणाले, "राजा यायच्या आधी दोरी धरून तिथून कोण गेलं असेल? सुतारच ना?"

मी गेलो. समोर ध्वजाचा बुरूज, त्यामागं नदी, नदीपलीकडं वाऱ्याला आड म्हणून निवडलेला तो सपाट माथ्याचा डोंगर. पाठीशी एकाच्या आत एक तटबंद्या. आणि हे सगळं हातातल्या एका वेळूच्या तुकड्यावर बेतलेलं. मी जन्मापासून या तटाच्या आत राहतो, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. भीतीही वाटली. अशा माणसाच्या कामाला मी हात लावायचा?

रविवारी मी मंडपाची नवी काठी आखली. सोमवारी खांब घोडीवर चढवला, पण हात काही पुढं जाईना. दादांनी जुनी काठी मागवली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी माझं बोट नेऊन टेकवलं. तिथं एक खूण चाकूनं खरवडलेली होती. शेजारी दोन बोटांवर दुसरी.

"चुकला होता तो," दादा म्हणाले. "पण काठीवर चुकला. लाकडावर नाही."

एवढी नगरी बेतणाऱ्यानं आपली चूक लपवली नव्हती. तिच्यासकट काठी छपरात ठेवून दिली होती, आमच्यासाठी. माझे डोळे भरून आले.

मग मी करवत खाली ठेवली आणि माझी काठी पहिल्यापासून पुन्हा ताडून पाहिली. तिसरी खूण चार बोटं आखूड निघाली. ती खरवडली, शेजारी नवी आखली, आणि लाकूड कापलं.