भिंगऱ्याच्या तीन टोपल्या

शेजारच्या सोजराबाईच्या वाळवणावरून भिंगऱ्या तिसऱ्यांदा धावून गेला, तेव्हा कुशाबाईनं नवऱ्याला निक्षून सांगितलं, "बास झालं! कोंडाजीबाबाची मेंढरं आपल्या वावरातून उठली, की हे कुत्रं त्यांच्यासंगं जानार."

सावळारामचा चेहराच उतरला. ते तांबूस पिल्लू त्यानं देहूरोडच्या डेपोतल्या कामावरून परतताना सदऱ्यात घालून आणलं होतं. पण बायकोचंही काय चुकत होतं? तळवड्यात कुरडया बाया आळीपाळीनं करायच्या, आज हिच्या दारी, उद्या तिच्या. यंदा या कुत्र्यापायी कुशाबाईच्या दारी कुरडयांचा चीक हाटायला एक बाई येईना! कोंडाजी धनगराची मेंढरं खतासाठी आठ दिवस वावरात बसायची होती. म्हणजे हातात आठच दिवस.

"दमवतोच लेकाला," सावळाराम म्हणाला. शिफ्टच्या आधी इंद्रायणीपर्यंत सायकलमागं पळव, संध्याकाळी परत पळव. झालं काय? पाचव्या दिवशी सावळारामच्या पोटऱ्या भरून आल्या आणि भिंगऱ्या झाला पैलवान! धनी खाटेवर आडवा, अन् हा पठ्ठ्या धन्याच्या एका वहाणेचा अंगठा चावून मोकळा. हाका मारून घसा बसला, पण ऐकेल तर शपथ.

सातव्या दिवशी डेपोतून लवकर सुट्टी झाली. सावळाराम दुपारीच घरी आला, तर अंगण चिडीचूप. दिला वाटतं कोंडाजीला! लगबगीनं तो परड्याकडं गेला आणि तिथंच थबकला.

तीन टोपल्या पालथ्या घातलेल्या. समोर भिंगऱ्या बसलेला, शेपूट थरथरतेय, पण जागचा हलत नाही. कुशाबाई म्हणाली, "हुडक!" तसा तो एकेक टोपली हुंगत गेला, तिसरी नाकानं उलटली आणि खालचा भाकरीचा तुकडा मटकावला. मग बाईनं त्याला सूप दाखवलं, वहाण दाखवली, नावं घेतली; नाव घेईल ती वस्तू तो तिच्या पायाशी आणून ठेवू लागला. अर्ध्या तासात गडी जीभ काढून सावलीत गाढ झोपला.

"अगं, हे कधीपास्नं?"

कुशाबाई दचकली. "चार दिस झालं. कावळ्याच्या भ्यानं भाकरी टोपलीखाली झाकली, तर बराच वेळ गप बसून इचार करत हुता. मग कळलं मला. अवं, तुमी त्याचं पाय दमवलं. डोकं रिकामंच हाय की त्याचं! पळवा, पन थोडं. बाकीचं मी बघते."

वा रे माझी बाई! शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकोकडं सावळाराम बघतच राहिला. आपण नुसतं दामटत होतो, हिनं त्या मुक्या जीवाच्या मनातलं ओळखलं. त्याला मनातून लाज वाटली आणि अभिमानही.

पण कुशाबाईनं कोंडाजीला दिलेला शब्द तो शब्द. आठव्या दिवशी कोंडाजी दोरी घेऊन हजर. पिल्लाच्या गळ्यात त्यानं दोरी अडकवली. सावळारामनं मान फिरवली. त्याला बघवेना.

मेंढरं वेशीकडं निघाली, तशी कुशाबाई एकदम ओरडली, "भिंगऱ्या! वहाण!"

पिल्लानं हिसडा मारला. कोंडाजीच्या हातून दोरी सुटली. वाटेत सोजराबाईच्या कुरडया पसरलेल्या होत्या. भिंगऱ्या क्षणभर थांबला, वाळवणाला वळसा घातला, घरात शिरला आणि अंगठा तुटलेली तीच वहाण आणून कुशाबाईच्या पायाशी ठेवली. दारात उभ्या सोजराबाईच्या तोंडून "अगं बया!" निघालं.

"सोन्यासारखं कुत्रं हाय," कोंडाजी म्हणाला. "असलं मला कळपात पायजेच."

"आमाला बी पायजे," कुशाबाई म्हणाली आणि खाली बसून दोरीची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. "बाबा, रागावू नगा. म्याच बोलले हुते, म्याच शब्द मोडते."

कोंडाजी हसला आणि दोरी गुंडाळून मेंढरांमागं गेला. सोजराबाईनं पदर खोचला. "कुशे, चीक कवा हाटायचा तुझा? उद्या येऊ का?"