कोरे गुडघे

पांढऱ्या पँटचे गुडघे कोरे होते. दोरीवर उलटी टांगलेली पँट वाऱ्यानं जरा फिरायची, पुन्हा समोर यायची, आणि चहाचा कप हातात तसाच धरून आकारामबापू त्या दोन कोऱ्या जागांकडं बघत बसले होते — कुस्तीच्या मैदानाहून आल्यावर तिथं दरवेळी तांबडा डाग असायचा, कितीही घासला तरी फिकट उरणारा.

"बापू, ह्या खेपेला गुडघं कोरंच की," सून क्रांती पिळे झटकत म्हणाली. "साबण वाचला माझा."

ती हसली. बापूंनी घोट घेतला. चहा गार झाला होता.

पंचानं आडवं व्हायचं असतं. एकजण खाली गेला की पंचानं छाती मातीला लावायची, गाल टेकवायचा आणि पाठीखालची फट बघायची. दोन्ही खांदे टेकले तर चितपट. बोटभर उजेड दिसला तर कुस्ती चालू. उभ्यानं ते दिसत नाही... उभ्यानं सगळ्याच पाठी टेकलेल्या दिसतात. हे बापूंनीच नव्या पंचांना शिकवलेलं. आकाराम पंच मातीत लोळतोय, असं शिवाजी पेठेत चेष्टेनं म्हणत, आणि त्या चेष्टेत मान असायचा.

काल पेठेच्या राजवर्धननं घिस्सा डाव मारला, शिरोळकडचा पोरगा अनेकांत उलटला, आणि बापू धावले — धावले म्हणजे चालले — गुडघा वाकवायला गेले तेव्हा आत खिळ्यासारखं काहीतरी टोचलं आणि ते अर्ध्यातच थांबले, हात मांडीवर, समोर राजवर्धनची रुंद पाठ, तिच्या पलीकडं अनेकांतचा उजवा खांदा मातीत, डावा... डावा राजवर्धनच्या दंडाआड. लोक उठले होते, हलगी चढली होती, शिट्टी तोंडातच होती. ती वाजली. मी वाजवली, की वाजली?

एवढंच असतं तर... चूक पंचाचीही होते. पण कुस्ती सुटल्यावर अनेकांत रिवाजाप्रमाणं पाया पडायला आला, वाकलेलाच राहिला आणि हळूच म्हणाला, "बापू, टेकला व्हय डावा?" कुणी ऐकत नव्हतं. शिट्टी घाईत वाजते, पण ह्या प्रश्नाला काही घाई नव्हती. बापू म्हणाले, "टेकला."

सकाळी अनेकांतच्या वडलांचा, आप्पासोंचा, फोन आला. भांडायला असेल असं वाटून बापूंना बरंच वाटलं होतं.

"बापू, माफी मागायला फोन केलाय." आप्पासो शेतात असावेत, मागं ट्रॅक्टर चालू होता. "आमचं पोरगं घरात येऊन म्हणतंय, डावा टेकलाच न्हवता. दिली एक कानाखाली. म्हटलं, हरलास तर हरलास, खोटं कशाला बोलतोस? पंच मातीत गाल घालून बघतोय, त्येला दिसलं ते तुझ्या पाठीला कळणार व्हय?"

"आप्पासो, जरा—"

"न्हाय न्हाय, तुम्ही पाठीशी घालू नका त्येला. रातीपासनं जेवला न्हाय. म्हणतोय, तालीम सोडतो. सोड म्हटलं. लबाडाला कशाला पायजे लंगोट?"

बापू "बरं" म्हणाले. बरं! पाठीला कळणार नाही तर कुणाला कळणार...

दुपारपर्यंत ते सांगायचं वाक्य जुळवत राहिले. आप्पासो, काल उजेड उतरला होता, माणसं आत घुसली होती, माझा हा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून — वाक्य लांबत जाई, आणि लांबलं की त्यात आपल्यालाच लपायला जागा होई. शिवाय लोक काय म्हणतील? पेठेचा पंच, पेठेचा पैलवान. राजवर्धनच्या डोक्यावरचा जिंकल्याचा फेटा आता कोण काढणार, आणि त्याचा तरी काय दोष... आणि खांदा टेकलाही असेल. असेल की. टेकला नव्हता हे पक्कं माहीत असतं तर सोपं होतं. बापूंना काहीच माहीत नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्या जागेवर पोराला कानाखाली बसली होती.

क्रांती माडीवर गेली. बापूंनी खाटेची कड धरली, आधी एक गुडघा — कळ थेट डोळ्यांत आली — मग दुसरा, मग हात, मग छाती. गाल फरशीला लागला. समोर दाराजवळची लोखंडी ट्रंक होती. रोज उभ्यानं बघितलेली, फरशीवर घट्ट बसलेली. आता खालून बघितलं तर तिचा एक कोपरा अधांतरी होता आणि त्या फटीतून उंबऱ्यावरचा उजेड सरळ डोळ्यांवर येत होता.

"अगं बाई! बापू, पडला काय?" क्रांती जिन्यावरूनच ओरडली.

"न्हाय."

"मग काय हरवलंय? मला सांगायचं न्हाय व्हय? ह्या गुडघ्यानं लोळायचं वय हाय का तुमचं? द्या हात."

"थांब जरा. बघतोय."

फोन वर फळीवर होता. उठायला वेळ लागणार होता, आणि उठल्यावर हे असंच राहील याची खात्री नव्हती. पण गाल गार फरशीवर असताना, सकाळपासून लांबत गेलेलं ते वाक्य आखडत आखडत एवढंसं झालं होतं. मला दिसलं न्हाय. बापूंनी ते नुसतं ओठांनी म्हणून बघितलं, आणि शिट्टीसारखं तोंडात धरून तसेच पडून राहिले.