माम्लेचा करदोटा

माकू आजी मणी ओवायची ते डोळ्यांनी नव्हे. साखरेच्या आजाराने तिचे डोळे कधीच धूसर केले होते, उजव्या पायाचा अंगठाही नेला होता. उरली होती ती हाताची बोटं. ओडुमासे गावात बाटल्यांच्या काचेचे मणी भाजणारी घरं पुष्कळ, पण पोराबाळांचे करदोटे ओवावेत ते माकूनेच, असं गाव म्हणायचं. तिलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

गेल्या वर्षापासून त्या बोटांनाही मुंग्या यायला लागल्या. पुढे तर चिमटीत मणी आहे की नाही तेच कळेना. तिने हे कुणाला म्हणून सांगितलं नाही. तिची मुलगी देदे दूर अक्रा शहरात कापड विकायची. तिने आपली चौथी पोर, नऊ वर्षांची माम्ले, आईच्या सोबतीला ठेवली होती आणि बजावलं होतं, की तुझे हात थकले असं कळलं की पोर मी घेऊन जाणार, तुझ्या चुलीपाशी तिला एकटीला राबवायचं नाही मला. माम्लेशिवाय घर! माकूला तो विचारही नको व्हायचा.

म्हणून आजी-नातीने एक लबाडी काढली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दवाखान्यात शुगरवाल्यांचा वार असे. सिस्टर विदा आजीला डोळे मिटायला लावून नायलॉनचा दोरा तळपायाला, मग बोटांना टेकवायची आणि विचारायची, लागतंय का? दोरा टेकला की शेजारी बसलेली माम्ले हळूच खोकायची आणि आजी ऐटीत म्हणायची, हो, लागतंय. बिचारी सिस्टर पोरीला दोनदा खोकल्याचं औषध देऊन बसली होती.

अशात माम्लेचा करदोटा सैल झाला. कमरेवरून घसरून मांडीवर यायला लागला. आता पोर अंगाने भरलं की करदोट्यात मणी घालतात, काढल्याचं कुणी ऐकलंय? वाढत्या पोरीचा करदोटा सैल, म्हणजे ओवणारीने माती खाल्ली, दुसरं काय! माकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप तिने चार मणी काढून डब्यात टाकले. आठवड्याने आणखी सहा. मग पुन्हा. दरवेळी ती स्वतःच्या बोटांना शिव्या घालायची.

पोर हंडाभर पाणी प्यायची, सारखी घरामागे पळायची. माकू चिडवायची, पोटात विहीर खणलीस की काय गं? साखर म्हणजे म्हातारपणाचं दुखणं, हेच तिच्या डोक्यात पक्कं. नऊ वर्षांच्या पोरीला ते होईल असं तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या गुरुवारी दवाखान्याच्या वाटेवर माम्ले दोनदा खाली बसली. बाकावर आल्यावर तिने आजीच्या दंडाला डोकं टेकलं. सिस्टरने आजीचा हात धरला.

"लागतंय का, आजी?"

माकू कान देऊन बसली. खोकला आला नाही.

"आजी, आता?"

काही नाही. माकूने डोळे उघडले, अंदाजाने पोरीचा गाल चाचपला, वाकून हाक मारली. माम्लेच्या श्वासाला नासायला आलेल्या फळासारखा गोड वास येत होता आणि छाती भात्यासारखी हलत होती.

आता बोललं की पोर अक्राला जाणार, हे तिला कळत होतं. तरी ती बोलली.

"सिस्टर, माझी बोटं मेलीत. वर्ष झालं, मी खोटं बोलत आले. ते राहू दे. हिच्या करदोट्यातून मी एकवीस मणी काढलेत. मला वाटलं, माझंच चुकतंय."

सिस्टरने धावत जाऊन यंत्र आणलं आणि माम्लेच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. यंत्राला आकडाही दाखवता येईना, इतकी साखर. लगेच सलाईन लागली, गाडी बोलावली. पोरीला गाडीत चढवताना सिस्टर माकूच्या कानाशी म्हणाली, "तुमची बोटं बरोबर होती, आजी. पोरच बारीक होत होती."

हे ऐकून माकू तिथेच, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडली.

माम्ले वाचली. दिवसातून चार वेळा सुई टोचायची, ती आता स्वतःच टोचते. पण देदेने शब्द खरा केला आणि पोर अक्राला गेली. तीन महिने माकूच्या घरात कुणी खोकलं नाही.

सुट्टी लागली तशी माम्ले आली. आल्या आल्या आजी जमिनीवर बसली, पोरीला पुढ्यात ओढलं आणि करदोट्यावरून बोटं फिरवली. बोटांना काही कळेना. ती तशीच हात ठेवून बसून राहिली.

माम्ले हळूच खोकली.

"आजी, रुततोय गं. वाढव ना."

माकूने डबा ओढला.